पहिलं पाणी हलकं

आज मे महिन्यातला तो रविवार.
दोन वाजता पेपर सुरू होईल
आणि मी इथे, काटोल रोडवरच्या या इमारतीत,
दुसरा मजला, पलंग क्रमांक चार.

परीक्षेचं नावच नीट.
लहानपणापासून ऐकत आले : नीट बस, नीट जेव,
पाहुण्यांशी नीट बोल.
शेवटी नीट झोपच येईना,
तेव्हा आईने माझी बॅग भरली, सगळे इस्त्रीचे कपडे,
जणू मी कुणाच्या लग्नाला चाललेय.

इथे फोन नाही. बुटांना नाड्या नाहीत.
भिंतीवर घड्याळ मात्र आहे.

एक चाळीस. तळहात ओले.
गेट बंद झालं असेल आता.
डोक्यातली ती बाई जागी झाली
(बाई मी म्हणते, आवाज माझाच आहे) :
बघ, सगळे आत गेले.
क्लासची फी आठवते का? किती शून्यं होती?

वासनिक मॅडमनी शिकवलंय,
असं झालं की दिसणाऱ्या पाच गोष्टी मोजायच्या.
कूलर.
कूलरच्या जाळीत अडकलेलं कबुतराचं पीस.
खिडकीचे गज.
शलाकाची वेणी.
पाचवी सापडेना.
पाचवीतच नापास, बाई म्हणाली,
आणि मला हसू फुटलं, आणि ते हसू
मध्येच कुठेतरी वळून रडू झालं.

शलाका उईके, नरखेडकडची.
नऊ दिवसांत 'मीठ दे' एवढंच बोललेली.
ती येऊन माझ्या पलंगाखाली फरशीवर बसली.
"हात धरू?"
नको म्हटलं.
"बरं," म्हणाली, आणि बसूनच राहिली.

मग मीच बोलत सुटले.
बाबा म्हणतात ताण हवाच,
संत्र्याला ताण दिल्याशिवाय बहर येत नाही.
बँकेत बसून म्हणतात.

"तुह्या बाबाले अर्धंच मालूम हाय.
आता आमच्याकडं बाग ताणावरच हाय. पानी बंद.
पन माहा बाप रोज जाते पाहाले,
पान किती वळलं, किती गळलं.
हलकी जमीन असन तं कमी दिवस, भारी असन तं जास्त.
सगळ्या बागेले एक माप नाही लावत कोनी.
अन् मंग ताण तोडा लागते ना!
तेबी धो धो नाही.
पहिलं पानी हलकं."

आणि नाहीच फुललं तर?
शिव्या देतात का बाबा झाडाला?

"झाडाले?"
तिने अशी पाहिलं माझ्याकडे
जणू मीच काही घाण बोलले होते.

तेवढ्यात कूलरची मोटर कोरडी घरघरली.
निखाडे काका बादली घेऊन आले,
ओतलं पाणी, टाकीवर ओला हात पुसला,
गेले.

मॅडमनी दिलेली वही नऊ दिवस कोरी आहे.
मैत्रिणीला लिहाल तसं स्वतःला लिहा, म्हणाल्या होत्या.
मोठं काही सुचेना. 'तू शूर आहेस' वगैरे
लिहून खोडलं, खोटं वाटलं.
मग एकच ओळ लिहिली :
तुला तहान लागली असेल.

उठले. माठातलं पाणी प्यायले, अर्धा ग्लास.
परत येताना खाली पाहिलं तर पाचवी गोष्ट दिसली :
माझ्या अंगठ्याचं नख, केवढं वाढलेलं.
नेलकटर काउंटरवर मागावं लागतं, सिस्टरसमोर बसून कापायचं.
मागेन. आज नाही, उद्या.

सव्वातीन.
तिकडे कुणीतरी गोल काळे करत असेल.
शलाकाला बसल्या बसल्या डुलकी लागलीय.
बाई अजून बोलतेच आहे, घसा बसेस्तोवर.
किती दिवसांची उभी आहे ही,
कुणी बस म्हटलंच नाही तिला.
सरकून जागा केली.
म्हटलं, उन्हातून आलीस.
आधी पाणी घे.